वाऱ्यावर चालणारी कानस

रामघाटावर पहाट फार लवकर होते. चारच्या सुमारास कोणाची तरी पहिली बादली पायरीवर टेकते, पाठोपाठ शिप्रामाईचा जयघोष उमटतो, आणि घाटाच्या वरच्या अंगाला असलेल्या बोळातील आमच्या घराला जाग येते. पिढ्यानपिढ्या आम्ही याच आवाजांनी उठत आलो आहोत. गेल्या चार वर्षांपासून मात्र सुटीच्या दिवशी त्यांत आणखी एका आवाजाची भर पडली आहे. सकाळी दहाच्या सुमारास आमच्या पडवीतून एक बारीक, उंच शिटी सुरू होते, मिनिटभर चालते, थांबते आणि पुन्हा सुरू होते. प्रथम ती ऐकली तेव्हा शेजारचे एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत दारात आले आणि म्हणाले, “मास्तर, घरात दंतवैद्य आणून बसवलात की काय?”

त्यांचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. दंतवैद्याच्या हातातील दात कोरणारे यंत्र आणि आमच्या पडवीतील हे हत्यार ही दोन्ही एकाच कुळातील, कारण दोन्ही दाबलेल्या हवेवर चालतात. आमच्या हत्याराचे नाव ‘एअर डाय ग्राइंडर’. माझा पुतण्या पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. सुटीत घरी आला की त्याचे हात स्वस्थ बसत नाहीत. त्यानेच एक लहान कंप्रेसर आणि हे वीतभर लांबीचे हत्यार आणून पडवीत आपली छोटीशी कार्यशाळा थाटली. मी भाषेचा शिक्षक. लोखंडाशी माझा संबंध शाळेच्या घंटेपुरता. परंतु चार वर्षे त्याच्याजवळ बसून, त्याला वस्तू धरून देऊन आणि एक मोठी चूक पदरी बांधून मी जे शिकलो, ते या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

तसे पाहिले तर वाऱ्यावर चालणारे हत्यार आपल्या अंगणात पूर्वीच येऊन गेले आहे. कल्हईवाल्याचा भाता आठवावा. बोळाच्या तोंडाशी तो खड्डा खणून बसे, भात्याने निखारे फुलवी, तापलेल्या भांड्यात नवसागराची चिमूट टाकी आणि कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने एका झपाट्यात आतून चांदी उतरवी. तेथे वारा अग्नीला फुंकर घालीत असे, येथे तो लोखंड फिरवतो, एवढाच फरक. दाबलेल्या हवेने मोठी कामे होऊ शकतात हे जगाला पटले ते आल्प्स पर्वतात. फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या मों सेनीच्या बोगद्याचे काम १८५७ साली हाताने भोके पाडून सुरू झाले. १८६१ पासून तेथे जर्मां सोमेये या अभियंत्याची हवेवर चालणारी यंत्रे लागली, आणि १८७१ मध्ये तो बोगदा खुला झाला. पर्वत फोडणारी ती हवा आज घरातल्या पडवीत बिजागरीचा गंज काढते आहे.

या हत्याराची रचना समजण्यास कठीण नाही. त्याच्या पोटात एक गोल पोकळी असते, आणि तिच्यात मध्यापासून किंचित बाजूला सरकवून बसवलेला एक रोटर असतो. रोटरला उभ्या खाचा असून त्यांत चार-पाच पातळ पाती सैल बसवलेली असतात. फिरू लागताच ती बाहेर सरकतात आणि पोकळीच्या भिंतीला चिकटून राहतात. दाबाची हवा एका बाजूने आत शिरते, पात्यांना ढकलीत पुढे जाते आणि प्रसरण पावून बाहेर पडते. पाणचक्की पाण्यावर फिरते, ही हवेवर. मात्र हिचा वेग मिनिटाला वीस ते पंचवीस हजार फेरे! पुढच्या टोकाला ‘कॉलेट’ नावाची चिमटी असते आणि तिच्यात पाव इंचाची अथवा सहा मिलिमीटरची दांडी असलेले निरनिराळे दगड, ब्रश वा कानशी बसवता येतात. साचे, म्हणजे ‘डाय’, आतून घासून गुळगुळीत करण्यासाठी हे हत्यार निर्माण झाले, म्हणून ते डाय ग्राइंडर. जेथे मोठे ग्राइंडर शिरत नाही आणि हातकानशीला जागा पुरत नाही, ते कोपरे, ती भोके, त्या खाचा, हे त्याचे राज्य.

विजेवर चालणारे तसलेच यंत्र मिळत असताना हवेचा खटाटोप कशाला, असा प्रश्न मीही विचारला होता. पुतण्याने मला चुलीजवळच्या भिंतीवरची ओल दाखवली. पावसाळ्यात शिप्रेला पूर आला की रामघाटावरील लहान देवळे पाण्याखाली जातात आणि आमच्या बोळातील भिंती महिना महिना वाळत नाहीत. अशा ओलीत हातात वीज खेळवण्यापेक्षा हवा बरी. हवेच्या हत्यारात विजेची मोटर नसते, म्हणून ते वजनाला अर्ध्या-पाऊण किलोचे भरते. फार दाबले तर ते जळत नाही, नुसते थांबते. चालू असताना ते तापण्याऐवजी उलट गार पडते, कारण पसरणारी हवा उष्णता शोषून घेते.

मात्र या सुखाला एक मोल आहे. हे हत्यार हवेचे भारी खादाड. त्याला चौरस इंचास नव्वद पौंडांचा दाब लागतो, आणि सतत चालवले तर मिनिटाला दहा-पंधरा घनफूट किंवा त्याहूनही अधिक हवा ते गिळते. घरगुती कंप्रेसर एका अश्वशक्तीमागे जेमतेम तीन-चार घनफूट हवा देतो. म्हणून आमच्या पडवीतील शिटी मिनिटभर वाजते आणि मग टाकी भरेपर्यंत गप्प बसते. प्रारंभी मला हा दोष वाटे. आता वाटते, की या सक्तीच्या विसाव्यात कारागीर आपले काम न्याहाळून पाहतो, हा गुणच आहे. तो विसावा आम्ही एकदा घेतला नाही. त्याची हकीकत पुढे येईलच.

दुसरे पथ्य पाण्याचे. हवा दाबली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते. आषाढ-श्रावणात तर काम आटोपल्यावर तळाची तोटी उघडली की पेलाभर तांबूस पाणी निघते. ते न काढल्यास टाकी आतून गंजते आणि पाण्याचा अंश हत्यारात जाऊन पाती फुगतात. म्हणून टाकी रोज रिकामी करावी, नळीच्या वाटेत पाणी अडवणारी गाळणी बसवावी आणि काम सुरू करण्यापूर्वी हवेच्या तोंडात एअर टूलच्या तेलाचे दोन-चार थेंब सोडावेत.

आता घरात त्याचा उपयोग काय, ते सांगतो. जुन्या घरात राहणाऱ्यांना हे पटकन पटेल.

आमच्या दाराचा कोयंडा आणि कडी यांचे चाळीस वर्षांत जमेनासे झाले होते. दार ओलीने खाली बसले, कडी वरच्या कडेला अडू लागली. दरवर्षी सुतार कोयंडा उखडून नव्या जागी ठोकी आणि चौकटीला एक नवे भोक पडे. पुतण्याने कोयंड्याच्या छिद्राची वरची कड फिरत्या कानशीने, म्हणजे रोटरी बरने, दोन सुतांनी वाढवली. काम पाच मिनिटांचे झाले आणि चौकट वाचली. खिडकीच्या गजांच्या बेचक्यांत गंज बसतो, तेथे पॉलिश पेपर पोहोचत नाही आणि रंगारी त्यावरच रंग फासून मोकळा होतो. तेथे तारेचा लहान ब्रश लावला की उघडे लोखंड दिसू लागते, आणि मग लाल प्रायमर खरोखर धरतो. पंपाच्या पायातील बोल्टाची नट गंजून एकजीव झाली होती. तिच्या एका बाजूस पातळ चकतीने चीर पाडून छिन्नीचा एक ठोका दिला, आणि बोल्टाच्या आट्यांना धक्काही न लागता ती सुटली. कापलेल्या पाइपाच्या तोंडाला आतून राहिलेली धारदार बर काढणे, वेल्डिंगचा फुगीर टाका सपाट करणे, जुळत नसलेले भोक थोडे लांबवणे, नव्याने केलेली किल्ली कुलुपात अडत असेल तर तिचा दात हलक्या हाताने घासणे, अशी किती कामे सांगावीत! घाटावरचे नावाडी आपल्या वल्ह्यांच्या कड्या घेऊन येतात. आरती करणारी मुले दीपमाळेच्या तुटून पुन्हा जोडलेल्या दांड्या आणतात. जोडाचा खरखरीत टाका तळहाताला लागू नये एवढेच त्यांचे मागणे असते.

प्रत्येक कामाला टोक निराळे. पोलादाला बारीक, आडव्या-उभ्या दातांची कार्बाइडची कानस चालते. तीच अ‍ॅल्युमिनियमला लावली तर दातांत धातू भरून कानस बोथट होते, म्हणून तेथे विरळ, मोठ्या दातांची घ्यावी आणि तिला थोडे मेण चोळावे. लाकडावरचा जुना रंग काढण्यास नायलॉनचा मऊ ब्रश लागतो, तारेचा ब्रश नक्षीच खाऊन टाकतो. झिलईसाठी नमद्याचा बोळा आणि पॉलिशचा साबण.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगाची. प्रत्येक चकतीवर तिला सोसणारा वेग छापलेला असतो. मोठ्या ग्राइंडरची चार इंची चकती मिनिटाला तेरा-पंधरा हजार फेऱ्यांची. ती कोणी दांडीवर चढवून या पंचवीस हजारांच्या यंत्रास लावली, तर ती फुटून तुकडे गोळीसारखे सुटतात. दांडी चिमटीत पुरेशी खोल बसवावी. लांब बाहेर राहिली तर वेगाने वाकते. डोळ्यांना बंद चष्मा आणि कानांत बोळे हवेतच. सैल बाही, उपरणे, पदर, गळ्यातील साखळी यांतले काहीही फिरत्या टोकाजवळ येता कामा नये. अंगावरची धूळ हवेच्या नळीने उडवण्याचा मोह मुलांना फार होतो, तो सक्तीने मोडावा. दाबाची हवा डोळा फोडू शकते, कातडीतून आतही शिरू शकते.

धुळीचा विषय निघाला, तर एका नकाराची गोष्ट सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी ओळखीचे एक गृहस्थ आपल्या वाड्याच्या दारावरील पाटी घेऊन आले. वालुकाश्माची शिळा, तीवर पणजोबांचे नाव. अक्षरे पावसाने झिजली होती. “घटकाभराचं काम आहे, अक्षरं खोल करून द्या,” असा त्यांचा आग्रह. पुतण्याने हात जोडून नाही म्हटले. गृहस्थ नाराज झाले. पण मला त्याचा नकार उमगला, कारण माझ्या व्यवसायाच्या माथ्यावर त्या धुळीचे एक जुने ऋण आहे.

उज्जैनपासून फार दूर नसलेल्या मंदसौरात पाटीवर लिहिण्याच्या पेन्सिली तयार होत. तुमच्याआमच्या पिढीने ‘ग म भ न’ ज्या पेन्सिलीने गिरवले, ती बहुधा तिकडचीच. तेथील दगड विजेच्या फिरत्या करवतींवर कोरडा कापला जाई आणि गारेची अतिसूक्ष्म धूळ कामगारांच्या छातीत जाऊन बसे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांनी तेथील सुमारे सहाशे कामगार तपासले. १९८५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना सिलिकोसिस जडलेला होता. या रोगात फुफ्फुस दगडासारखे कठीण होत जाते आणि त्यावर औषध नाही. मुलांच्या हातात अक्षर यावे म्हणून कोणाचा तरी श्वास गेला, आणि आम्हां शिक्षकांना कित्येक वर्षे त्याची वार्ताही नव्हती. हवेचे हत्यार तर स्वतःच्या फुंकरीने धूळ अधिकच उडवते. तेव्हा घरात, बंद पडवीत, दगडावर कोरडे काम करू नये, हा नियम. पाणी सोडून, धूळ ओढून घेणारी व्यवस्था ठेवून आणि योग्य मुखवटा बांधून ते करणारे कारागीर वेगळे. नाकावर रुमाल बांधणे म्हणजे मनाचे समाधान, दुसरे काही नाही. धातूची धूळही निरुपद्रवी समजू नये. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून रंग खरवडतानाही मुखवटा हवा.

आता त्या चुकीची हकीकत.

गेल्या वैशाखात पुतण्याच्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले. हळदीच्या न्हाणासाठी माळ्यावरचा मोठा तांब्याचा हंडा खाली काढला. पोट काळवंडलेले, गळ्याशी हिरवा कळंक. चिंच-मिठाने घासायला दोन बायका अर्धा दिवस खपल्या असत्या. “काका, द्या इकडे. दहा मिनिटांत आरसा करून देतो,” पुतण्या म्हणाला. हंडा त्याच्या हाती मीच दिला. शिटी सुरू झाली, काळिमा झरझर उतरू लागला आणि आतील लालस कांती अशी उजळली, की आम्ही दोघेही मोहून गेलो. टाकीतील दाब उतरला तेव्हा थांबून पाहायला हवे होते. आम्ही ती भरण्याची वाट पाहिली आणि तसेच पुढे गेलो.

संध्याकाळी आई पडवीत आली. तिचे वय पंच्याऐंशी, दृष्टी फार अधू. हंड्याजवळ बसून तिने सवयीने गळ्याखालून बोट फिरवले. एकदा फिरवले, पुन्हा फिरवले. मग विचारले, “नाव कुठं गेलं?”

हंड्याच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेले होते. चार अक्षरांचे नाव, पुढे गाव आणि शके. पहिली दोन अक्षरे पार गेली होती. उरलेली दोन पुसट दिसत होती. शकाचे आकडे नाहीसे झाले होते.

ते नाव माझ्या आत्याचे. वडिलांची थोरली बहीण. तिच्या आजोबांनी आंदण म्हणून हा हंडा दिला आणि समोर बसून तीवर तिचे पाळण्यातले नाव घालवून घेतले. सासरी गेल्यावर नाव बदलले. दुसऱ्याच वर्षी पहिल्या बाळंतपणात ती गेली. सासरच्यांनी हंडा परत पाठवला. तिचे छायाचित्र नाही, पत्र नाही, आणि तिकडील कागदांत जे नाव असेल ते सासरचे. तिचे माहेरचे नाव जगात एकाच ठिकाणी लिहिलेले होते. मी लहानपणी त्याच हंड्यातील पाण्याने रोज आंघोळ करीत होतो. ते कोणाचे नाव आहे हे मी कधी विचारले नव्हते. खरे सांगायचे तर ते मी कधी नीट वाचलेही नव्हते.

पुतण्या रडकुंडीस आला. “आजी, मी पुन्हा कोरून देतो. मशीन आहे माझ्याकडे. हुबेहूब करतो.”

“नको,” आई म्हणाली. “तू कोरशील ते तुझं अक्षर. उरलंय तेवढं राहू दे.” मग थोडा वेळ थांबून माझ्याकडे वळून म्हणाली, “यंत्राला वाचता येत नाही रे. पण तू तर पोरांना वाचायला शिकवतोस ना?”

वाचकहो, पस्तीस वर्षांच्या नोकरीत अनेक अधिकाऱ्यांनी माझ्या वर्गाची तपासणी केली. एवढा खरा शेरा कोणी लिहिला नव्हता.

त्या रात्री आईने आत्याविषयी जे जे ऐकलेले होते ते सर्व सांगितले. ते मी वहीत उतरून घेतले. नंतरच्या रविवारी आम्ही माळ्यावरची सगळी भांडी खाली काढली, परंतु या वेळी उजळण्यासाठी नव्हे, वाचण्यासाठी. अक्षरांवर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी घासली की ठसा उमटतो. अक्षर पुसट असेल तर दिवे मालवून विजेरीचा झोत अगदी बाजूने टाकावा, सावलीत ठिपके उठून दिसतात. सत्तावीस भांडी निघाली. परातीवर सातारकडील एका गावाचे नाव मिळाले. आमच्या घराण्याचा तो धागा आम्हांपैकी कोणालाच माहीत नव्हता. एका तपेल्यावर संवत् होता, कारण ते इथल्याच कासाराकडून घेतलेले. दोन-तीन भांड्यांवर मोडीतील अक्षरे होती. वाचकांच्या सोयीसाठी सांगतो : शकात ७८ मिळवावेत, विक्रम संवतातून ५७ वजा करावेत, की इसवी सन मिळतो, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत एखाद्या वर्षाचा फरक पडेल. शके १८४० म्हणजे इसवी सन १९१८.

हे मी मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण हे मासिक ज्या घरांत जाते ती बहुतेक आमच्यासारखीच आहेत. राणोजी शिंद्यांबरोबर माळव्यात आलेली. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, आणि लोक जिला राणोजींची छत्री म्हणतात ती वास्तू आजही रामघाटावर उभी आहे. थोरांची नावे दगडांवर आणि बखरींत राहिली. सामान्य घरांची दप्तरे पुरात गेली, वाळवीने खाल्ली, घरे बदलताना रद्दीत गेली. मराठी मुलखाशी असलेले आपले नाते, लेकीबाळींची माहेरे, देण्याघेण्याचे ऋणानुबंध हे सारे कित्येक घरांत आता केवळ भांड्यांच्या गळ्याशी ठिपक्यांनी लिहिलेले उरले आहे. आणि ती भांडी आपण दरवर्षी दिवाळीत अधिकाधिक लखलखीत करीत चाललो आहोत!

शिप्रेच्याच काठाने वरच्या अंगाला गेले की जयसिंहपुऱ्यात सवाई जयसिंहाची वेधशाळा लागते. ती मोडकळीस आली होती. १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत तिचा जीर्णोद्धार झाला आणि ज्योतिर्विद गोविंद सदाशिव आपटे तिचे अधीक्षक झाले. मुलांची सहल घेऊन मी तेथे अनेकदा गेलो आहे. पण या घटनेनंतर गेलो तेव्हा प्रथमच एक गोष्ट ध्यानी आली. त्या यंत्रांचे सारे मोल त्यांच्यावरील रेघांत आहे. रेघा आहेत तोवर सावली वेळ सांगते. रेघा पुसल्या तर तीच यंत्रे नुसत्या भिंती. आमच्या हंड्याचे तेच झाले. तो आता फार सुंदर दिसतो, पण पूर्वी तो बोलत असे.

म्हणून डाय ग्राइंडर वापरू नये का? मुळीच तसे नव्हे. वर सांगितलेली सारी कामे आमच्या पडवीत आजही होतात. या हत्याराने आमच्या घराचे कितीतरी लोखंड-लाकूड वाचवले आहे. फक्त त्याचा स्वभाव ओळखावा. हातोडी ठोकते, स्क्रू जोडतो, डाग सांधतो. हे हत्यार केवळ काढून टाकते, आणि काढलेले कधीही परत देत नाही. मळ आणि अक्षर, गंज आणि कांती यांतील भेद त्याला नाही. तो हत्यार धरणाऱ्याने करावयाचा.

तांब्या-पितळेच्या भांड्यांपुरते चार नियम पुतण्याने आता पडवीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहेत. वस्तू हाती घेतली की प्रथम सर्व बाजूंनी वाचावी आणि ठसा घ्यावा. कल्हईच्या भांड्यास आतून हे यंत्र कदापि लावू नये. कल्हईचा थर अत्यंत पातळ असतो, क्षणात जातो, आणि उघड्या तांब्यात आंबट पदार्थ कळकून विषारी होतो. जुन्या भांड्यांना चिंच, मीठ, रांगोळी आणि मनगट हेच पुरे. यंत्र फक्त फाटलेल्या कडेला अथवा नव्या डागाच्या जोडाला. आणि टाकी भरेपर्यंत जो विसावा मिळतो, त्यात शिटी ऐकू नये, वस्तू पाहावी.

न्हाणाच्या दिवशी पहाटे पुतण्याने तोच हंडा खांद्यावर घेऊन शिप्रेवर नेला. घाटाच्या पायऱ्यांवर गर्दी होती, दिवे पाण्यात थरथरत होते. हंडा भरून आला तेव्हा आईने नातीला जवळ बोलावले, तिचे बोट धरून त्या उरलेल्या दोन अक्षरांवर ठेवले, आणि गेलेली दोन अक्षरे आपल्या तोंडाने म्हणून दाखवली.

ते नाव मी येथे लिहीत नाही. ते आता आमच्या वहीत आहे. तुमच्या माळ्यावरही अशी काही नावे असतील. ती येत्या दिवाळीपूर्वी उतरवून घ्यावीत, एवढीच विनंती.